उसना शालू, स्वतःचा चेहरा: छायाचित्रमालिकेबद्दल एक प्रश्न

मोरपिशी

नमस्कार. मी पुण्यात चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि वार्षिक प्रदर्शनासाठी एक छायाचित्रमालिका करते आहे. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांची जी जुनी छायाचित्रे आपल्या सर्वांच्या परिचयाची आहेत, त्यांतील बसण्याची ढब, मानेचा कल आणि पदर सावरणारा हात जसाच्या तसा घेऊन मी स्वतः कॅमेऱ्यासमोर बसते, म्हणजे स्त्रीची भूमिका करणाऱ्या पुरुषाची भूमिका एक स्त्री करते. शालू आजीचा आहे, नथ, ठुशी आणि चिंचपेटी तुळशीबागेतून घेतली आहे, आणि अंबाडा मैत्रीण घालून देते.

महाविद्यालयात काम दाखवले तेव्हा दोन आक्षेप आले. आमच्या सरांचे म्हणणे असे की, रेशीम, जर आणि दागिने एवढे डोळ्यांत भरतात की त्यांच्यामागचे माणूस दिसेनासे होते, आणि आत्मचित्रच करायचे असेल तर साध्या कपड्यांत, साध्या उजेडात बसणे अधिक प्रामाणिक ठरेल. वर्गातल्या एका मित्राचे म्हणणे याहून कडक होते: पोशाख आजीचा, ढब बालगंधर्वांची, मग यात तुझे काय आहे?

या प्रश्नाने मी खरोखर अडले आहे, कारण माझा अनुभव नेमका उलटा आहे. फर्ग्युसन रस्त्यावर संध्याकाळी फिरताना आम्ही सगळ्याच आपापली स्टाइल मिरवत असतो, आणि तरीही ढगळ शर्ट, रुंद पायांची पँट आणि ऑक्सिडाइज्ड झुमके यांत आम्ही एकमेकींपासून वेगळ्या ओळखू येत नाही. तो शालू नेसून, खांदे मागे घेऊन बसले की मात्र माझ्या चेहऱ्यावर असे काहीतरी येते, जे एरवीच्या एकाही फोटोत मला सापडत नाही. उसन्या रूपातून स्वतःचे काही सांगता येते का, आणि ते सांगितले गेले आहे की केवळ वेशांतर झाले आहे, हे ओळखायचे कसे? नाटक, गाणे आणि फॅशन या तिन्ही क्षेत्रांतील जाणकारांनी मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

रंगपट

तुमच्या सरांचा आक्षेप जुना आहे आणि दर पिढीत तो नव्याने घेतला जातो. मला तो मान्य नाही. मी अनेक वर्षे नाटकांची वेशभूषा केली आहे, त्यामुळे कापडाच्या बाजूनेच लिहितो.

आधी बालगंधर्वांबद्दल. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म १८८८ चा आणि गंधर्व नाटक मंडळीची स्थापना १९१३ ची. खरे शालू, खऱ्या पैठण्या, रंगमंचावर उंची गालिचे, प्रेक्षागृहात अत्तराचा दरवळ, यांवर एवढा खर्च होई की कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली गेली. व्यवहाराच्या दृष्टीने ही उधळपट्टी होती, यात वाद नाही. परंतु त्या झगमगाटाने जे घडवले ते विलक्षण होते. ज्या प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांना रंगभूमीवर येण्याचा विचारही करता येत नव्हता, त्याच घरांत त्यांच्यासारखा पदर घेतला जाऊ लागला, त्यांच्यासारखे केस बांधले जाऊ लागले आणि गजरे माळले जाऊ लागले. एका पुरुषाने स्त्रियांचे पाहून घेतले आणि स्त्रियांनी त्या पुरुषाचे पाहून घेतले. यातले मूळ कुठले आणि नक्कल कुठली, हे तुमच्या मित्राला सांगता येईल का? त्याने तुम्हाला विचारलेला प्रश्न बालगंधर्वांनाही विचारता आला असता, आणि तरी त्यांच्यासारखा दुसरा कुणी झाला नाही.

बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये सुरू झाले. तेथे गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली त्यांची दोन मोठी चित्रे आहेत, एक पुरुषवेशातले आणि एक स्त्रीवेशातले. तुम्ही ती पाहिली असतीलच, पण आता ही मालिका मनात ठेवून पुन्हा पाहा आणि दोन्हींत हात व मान कशी आहे याची रेखाटने करा.

आता कापडाकडे वळतो. जुना भरजरी शालू नेसला की पहिला फरक पडतो तो पावलांत. निऱ्यांचे वजन पुढे ओढते, त्यामुळे पाऊल आपोआप लहान पडते आणि पाठ ताठ होते. रेशीम खांद्यावर ठरत नाही, त्यामुळे हात सतत पदराशी जातो आणि काही वेळाने ती त्या नटीची लकब होऊन बसते. एका नाटकात मुख्य नटी आजारी पडल्यामुळे तिचाच पोशाख, काखेतली शिवण थोडी उसवून, दुसरीला द्यावा लागला. शालू तोच, चोळी तीच, दिग्दर्शकाने आखून दिलेल्या हालचाली त्याच. पहिली नटी पदर घसरू लागला की दोन बोटांच्या चिमटीत धरून तो झटकन वर घेई, कुणी पाहिले तर नाही ना अशा घाईने. दुसरी तो कोपरापर्यंत ओघळू देई आणि वाक्य संपल्यावर सावकाश सावरी. पहिलीची नायिका घरातल्या माणसांना धाकून होती, दुसरीची कुणालाच जुमानत नव्हती, आणि संहितेतला एक शब्दही बदललेला नव्हता. तुमच्या प्रश्नाचे मला ठाऊक असलेले उत्तर एवढेच आहे. पोशाख सर्वांना सारखीच अडचण घालतो, पण त्या अडचणीतून प्रत्येकीचे अंग आपापली वाट काढते, आणि ती वाट उसनी आणता येत नाही.

म्हणून शिवलेली नऊवारी वापरण्याच्या मोहात पडू नका, कारण ती अंगाकडून काहीच मागत नाही. शालू नेसा, आणि नेसून लगेच कॅमेऱ्यासमोर जाऊ नका. दुपारभर त्यात घरात वावरा, जिना चढा, जमिनीवर बसून जेवा. तो तुम्हाला काय करायला लावतो आणि तुमचे अंग त्याला कुठे दाद देत नाही, हे कळल्यावर फोटो काढा. आणि काम चोख करा. पिना, हुक, अस्तर यांपैकी काहीही दिसता कामा नये.

खर्जसाधना

रंगपट यांनी लिहिलेले वाचून कुमार गंधर्व आठवणे अपरिहार्य होते. ते लहान वयात गाजले ते नकलेमुळे. त्या काळच्या मोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हा मुलगा त्यांच्या खास जागांसकट, म्हणजे ठेवणीतल्या सुरावटींसकट, त्या हुबेहूब गाऊन दाखवी, आणि 'कुमार गंधर्व' ही उपाधीही त्याच वयात मिळाली. पुढे मुंबईत बी. आर. देवधरांकडे शिक्षण झाले, नंतर क्षयाने गाठले, देवासला मुक्काम झाला, एक फुप्फुस निकामी झाले आणि अंथरुणावर असताना माळव्याची लोकगीते कानांवर पडत राहिली. आजारातून उठल्यावर ते जे गायले, त्याला कुठल्याच घराण्याचे नाव देता येईना. लांब दमाच्या ऐवजी छोट्या, धारदार फेकीचे गाणे आले, आणि ज्यांनी त्यांना लहानपणी ऐकले होते त्यांनाही हा गवई नव्याने समजून घ्यावा लागला.

याच कुमारांनी पुढे 'मला उमजलेले बालगंधर्व' या नावाचा कार्यक्रम केला. हुबेहूब नक्कल करण्याची ताकद ज्याच्या गळ्यात लहानपणापासून होती, त्या माणसाने इथे नक्कल केली नाही. पदे बालगंधर्वांची, त्यांतल्या जागाही त्यांच्याच, पण आवाजाचा लगाव आणि शब्दावर येण्याची रीत सर्वस्वी कुमारांची. मोरपिशी, तुम्ही 'जसाच्या तसा' असे शब्द वापरले आहेत, ते मला खटकले. नक्कल करू नये असे मी म्हणत नाही. तंबोरा हाती आल्यावर आम्ही वर्षानुवर्षे दुसरे काय करतो? गुरूच्या गळ्यातली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग जाणे, जशीच्या तशी आपल्या गळ्यातून निघेपर्यंत घासत राहतो. परंतु तुमच्या मालिकेत पहिले छायाचित्र आणि शेवटचे छायाचित्र एकाच जागी उभे असेल, तर तुमच्या मित्राचा आक्षेप टिकेल.

साधेपणा अधिक प्रामाणिक असतो, हे सरांचे मत मात्र मला पटत नाही. भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, आणि त्या सवाई गंधर्वांनीही नाटकांतून स्त्रीभूमिका केलेल्या होत्या. त्याच महोत्सवात आज गायिका काठपदराची रेशमी साडी आणि हिऱ्याच्या कुड्या घालून बसते, वादक फिकट रंगाचा सुती कुर्ता घालतो, आणि दोघांनीही तो पोशाख आदल्या दिवशी विचार करून निवडलेला असतो. सुती कुर्त्याला कुणी मुखवटा म्हणत नाही, हा केवळ आपल्या मध्यमवर्गीय डोळ्यांचा संस्कार आहे.

काठपदर

मी फॅशन डिझाइन शिकवते आणि वरील दोघांशी बऱ्याच अंशी सहमत आहे, परंतु या चर्चेत बाजाराचा उल्लेख अजून झालेला नाही. फर्ग्युसन रस्त्यावरच्या ज्या एकसारखेपणाबद्दल मोरपिशीने लिहिले आहे, तो अपघाताने आलेला नाही. मोठ्या कंपन्यांचे कपडे मोजक्या मापांत आणि मोजक्या कटांत निघतात, कारण एका कटाचे हजारो नग काढले तरच किंमत उतरते. आणि त्या हजारो नगांवर 'तुम्ही इतरांहून वेगळे आहात' ही एकच जाहिरात चालते. माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या सत्रात विकत घेतलेला शर्ट उसवायला लावते. बाही काढून मुंढा कसा बेतला आहे हे पाहिले, की आपण ज्याला आपली आवड म्हणतो त्यातला किती भाग कारखान्याच्या सोयीने ठरला आहे, हे हातांना कळते.

झगमगाटाचा वापर करून स्वतःला घडवणाऱ्या कलावंतांत डेव्हिड बोवीचे उदाहरण सर्वांना ठाऊक असते. १९७२ मध्ये त्याने झिगी स्टारडस्ट हे पात्र उभे केले आणि १९७३ च्या जुलैमध्ये लंडनच्या रंगमंचावरूनच त्याला निरोप दिला. त्याचे काही पोशाख जपानी वेशभूषाकार कान्साई यामामोतो यांचे होते, आणि रंगभूषेत काबुकीचा, म्हणजे स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुष नटांच्याच परंपरेचा, मोठा वाटा होता. बोवीने जपानकडे पाहिले. तुमच्याकडे तीच गोष्ट नदीपात्राच्या काठावर, बालगंधर्व रंगमंदिरात आहे. लंडनमधलाच वेशकलावंत ली बॉवरी मला याहून महत्त्वाचा वाटतो. १९८८ मध्ये त्याने अँथनी डॉफे यांच्या कलादालनात काही दिवस एकतर्फी आरशामागे बसून दाखवले. प्रेक्षक त्याला पाहू शकत होते, त्याला मात्र फक्त स्वतःचे प्रतिबिंब दिसत होते. रोज नवे रूप असे, आणि ती रूपे तो स्वतः बेतत असे, शिवत असे. आज मोबाइलचा पुढचा कॅमेरा हातात घेऊन आपण जे करतो, त्याचा एवढा स्वच्छ आणि अस्वस्थ करणारा आराखडा त्याने तेव्हाच मांडला होता.

आता तुमच्या कामाबद्दल स्पष्ट लिहिते. हा मार्ग रिकामा नाही. सिंडी शर्मन यांनी १९७७ ते १९८० या काळात स्वतःलाच चित्रपटांतल्या अनाम नायिकांच्या रूपात टिपले आणि ही आत्मचित्रे नाहीत, असे त्या सांगत आल्या आहेत. जपानचे यासुमासा मोरिमुरा यांनी पुरुष असून जगप्रसिद्ध चित्रांतल्या स्त्रिया साकारल्या. आणि आपल्याकडे पुष्पमाला एन. यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्याबरोबर २००० ते २००४ या काळात दक्षिण भारतीय स्त्रियांच्या प्रतिमांची मालिका केली, तिच्यात राजा रविवर्म्याची लक्ष्मीही आहे. हे नाव परीक्षक तुमच्यासमोर नक्की ठेवतील. रविवर्म्याचा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला आला होता, आणि त्या छापील देवतांवर घरोघरी जर आणि टिकल्या चिकटवल्या जात, हेही लक्षात घ्या. विकत आणलेल्या, सर्वांकडे सारख्याच असलेल्या चित्राला आपल्या हाताने सजवून आपले करण्याची ती रीत होती, आणि तुमच्या मालिकेचे मूळ मला परदेशी कलादालनांपेक्षा तिथे अधिक दिसते.

रंगपट यांच्या एका सूचनेशी मात्र माझा ठाम मतभेद आहे. काहीही दिसता कामा नये, हा नाटकाचा नियम आहे, कारण तिथे प्रेक्षक दूर बसलेला असतो आणि त्याने भूमिकेवर विश्वास ठेवायचा असतो. पुष्पमालांच्या छायाचित्रांत मागचा पडदा रंगवलेला आहे हे लपत नाही, आणि ते लपत नाही म्हणूनच पाहणारा माणूस देवीकडे न पाहता तिची भूमिका घेतलेल्या बाईकडे पाहू लागतो. तुमच्या फोटोत सगळेच चोख असेल, तर तो कॅलेंडरचा फोटो होईल.

ढोलकीची थाप

मी लावणीच्या कार्यक्रमांत ढोलकी वाजवतो, म्हणून थोडक्यात एक गोष्ट सांगावीशी वाटली. वर सर्वांनी झगमगाटाबद्दल लिहिले, पण तो कुणाला हौस म्हणून करता येतो आणि कुणाला पोट म्हणून करावा लागतो, याचा विचार व्हायला हवा. आमच्या पार्टीतल्या सगळ्याजणी एकाच दुकानातल्या, एकाच वाणाच्या साड्या नेसतात, कंबरपट्टे सारखे, गजरे सारखे, आणि पायांत किलोकिलोने वजन असलेले चाळ. प्रेक्षक टाळ्या वाजवतो तो त्या झळाळीला, आणि कार्यक्रम संपल्यावर त्याच झळाळीवरून त्यांना नावे ठेवतो. हाच शालू मोरपिशीने कलादालनात नेसला तर तिला कलावंत म्हणतील, हा फरक तिच्या मालिकेत कुठेतरी यावा असे मला मनापासून वाटते.

बाकी स्वतःचे काय उरते म्हणाल, तर बैठकीची लावणी पाहावी. यमुनाबाई वाईकर एका जागी बसून एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत आणि दर वेळी तिचा अर्थ डोळ्यांनी आणि बोटांनी बदलत. पद्मश्री त्यांना २०१२ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर मिळाली. साथीला बसलेल्याला अशा बैठकीत पुढची अदा कोणती येणार हे कधीच ओळखता येत नाही, आणि म्हणूनच तो हात जागा ठेवून वाजवतो.

मोरपिशी

सर्वांचे मनापासून आभार. रंगपटकाकांनी सांगितल्याप्रमाणे मी शालू नेसून घरात वावरले, आणि माझा हात पदराकडे न जाता सारखा गळ्याशी जातो, हे माझ्या पहिल्यांदाच लक्षात आले. ठुशी टोचते आणि मी ती सरळ करत राहते. बालगंधर्वांच्या कुठल्याही छायाचित्रात मला हा हात सापडत नाही. त्यामुळे मालिका त्यांच्या ढबीपासून सुरू करून हळूहळू या हातापर्यंत न्यावी, असे ठरवते आहे, आणि खर्जसाधना यांच्या सूचनेचा मला तोच अर्थ लागला. ढोलकीची थाप यांनी लिहिलेल्या फरकाला मालिकेतून उत्तर देण्याइतकी माझी तयारी नाही, पण प्रदर्शनाच्या टिपणात तो प्रश्न मी माझ्या शब्दांत मांडणार आहे, आणि लावणी कलावंतांचा उल्लेख केवळ प्रेरणा म्हणून करून मोकळी होणार नाही.

आता एक अडचण आली आहे. वावरताना शालू घडीच्या रेषेवर वीतभर चिरला. आजीने तो वर्षानुवर्षे एकाच घडीवर ठेवला होता आणि जरीच्या पट्ट्याशेजारी रेशीम विरले होते. ही चीर दिसू द्यावी की झाकावी? काठपदरताई आणि काका यांच्यातील मतभेद आता माझ्या मांडीवर आला आहे.

काठपदर

दिसू द्यावी, असेच माझे मत आहे, परंतु कॅमेऱ्यासाठी मुद्दाम समोर आणू नये. तुमची बैठक ठरवा, आणि त्या बैठकीत चीर जिथे येईल तिथे येऊ द्या. ती तुम्ही वापरल्यामुळे पडलेली आहे, सजावट म्हणून केलेली नाही, एवढा भेद फोटोत राहायला हवा.

रंगपट

मत तुमचे तुम्ही ठरवा. आधी शालू वाचवा, कारण विरलेले रेशीम एकदा सुटू लागले की काठापर्यंत जाते. आहे त्या स्थितीत तो पुन्हा नेसू नका. चिरेपेक्षा चार बोटे मोठा, शालूच्याच रंगाच्या जवळचा जुन्या मऊ मलमलीचा तुकडा घ्या, तो धुऊन वाळवून उलट बाजूने लावा, आणि बारीक सुईने, एकेरी रेशमी दोऱ्याने, चिरेच्या दोन्ही कडांना लांब सैल टाके घाला. दोरा ओढू नका, ओढला तर टाक्याच्या भोकापासून नवी चीर सुरू होते. यंत्रावर अजिबात घालू नका, आणि इस्त्रीवाल्याकडे तर मुळीच देऊ नका. एवढे केल्यावर चीर समोरून दिसेल, पण वाढणार नाही, म्हणजे काठपदर यांचेही म्हणणे राहील. हात बसलेला नसेल तर आधी एखाद्या जुन्या साडीवर करून पाहा, किंवा पेठेत रफू करणारे अजून आहेत, त्यांच्याकडे न्या आणि मलमल स्वतः घेऊन जा. यापुढे शालू घडी करून ठेवू नका. मलमलीसकट नळीवर गुंडाळा, आणि नेसण्यापूर्वी ठुशीच्या मागे गोंड्याखाली मऊ कापडाची पट्टी लावून घ्या, म्हणजे हात गळ्याशी जाईल तो सवयीने जाईल, टोचल्यामुळे जाणार नाही.

मोरपिशी

काका, पट्टी लावणार नाही, टोचू देते. बाकी सर्व तुम्ही सांगितल्याप्रमाणे करते. मलमल घरात आहे, रेशमी दोरा रविवार पेठेतून आणते.